पक्षाघात, अतिदक्षता आणि अंतर : पेडणे-डिचोलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास लिहिताना शोधांचा कालक्रम लावण्याची प्रथा आहे. अमुक वर्षी अमुक औषध सापडले, अमुक वर्षी अमुक यंत्र बनले, अशी मांडणी सोयीची असली तरी तीतून एक महत्त्वाची बाब निसटते. उपचार शोधला जाणे आणि तो एखाद्या विशिष्ट गावातील रुग्णापर्यंत पोहोचणे या दोन वेगवेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यामध्ये कधीकधी अर्धे शतक उलटते. पक्षाघाताच्या बाबतीत हे अंतर शब्दशः अंतरच असते. ते किलोमीटरमध्ये आणि मिनिटांत मोजता येते. प्रस्तुत लेखात गोव्यातील पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांच्या अनुषंगाने या अंतराचा विचार केला आहे.

हे दोन्ही तालुके नव्या काबिजादींतील होत. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या हाती असलेल्या तिसवाडी, बारदेश व सासष्टीपेक्षा त्यांचा इतिहास निराळा आहे. डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीज अंमलाखाली गेले. त्यामुळे भाषा, शिक्षण, नातेसंबंध आणि अर्थातच आजारपणातील धावपळ या सर्वच बाबतींत येथील लोकांचा ओढा दीर्घकाळ पणजीइतकाच सावंतवाडी, वेंगुर्ले आणि मुंबईकडेही राहिला. डिचोलीतील नमाजगाह औरंगजेबाचा पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास आला होता त्या काळातील मानली जाते. या भूभागावरून किती सत्तांचे येणेजाणे झाले याची ती एक खूण होय.

शब्दांतून दिसणारा रोग

पक्षाघाताला मराठीत जी नावे आहेत त्यांतच त्याचा निम्मा इतिहास सामावलेला आहे. ‘पक्षाघात’ हा सुश्रुतसंहितेतील शब्द. ‘अर्धांगवायू’ या शब्दात वातदोषाची कल्पना आहे. कोकणात आणि गोव्यात सर्वसामान्य माणूस मात्र ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतो. चौथा शब्द ‘लकवा’. तो अरबी ‘लक्वा’वरून आला असून मूळ अरबी वैद्यकात त्याचा अर्थ केवळ चेहऱ्याचा लुळेपणा असा मर्यादित होता. अर्ध्या अंगाच्या लुळेपणास ‘फालिज’ आणि अचानक शुद्ध व हालचाल हरपण्यास ‘सक्ता’ अशा स्वतंत्र संज्ञा होत्या. मराठीत येताना लकव्याचा अर्थ विस्तारला आणि बाकीच्या दोन संज्ञा मागेच राहिल्या. उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘फालिज’ अजूनही वापरात आहे.

हे वर्गीकरण केवळ शाब्दिक नव्हते. इब्न सीनाच्या ‘अल्-कानून’ या अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात मेंदूच्या विकारांचा स्वतंत्र विचार असून सक्ता, फालिज आणि लक्वा यांची कारणे व लक्षणे वेगळी सांगितली आहेत. तीव्र सक्त्यातून रुग्ण बरा होत नाही आणि सौम्य सक्त्यातूनही सहजी बरा होत नाही, हा ग्रीक परंपरेतील निष्कर्ष अरबी वैद्यांनी मान्य केला होता. त्याचबरोबर सक्त्याचा रुग्ण मृतवत दिसतो, तेव्हा त्याचा श्वास काळजीपूर्वक तपासल्याशिवाय दफनाची घाई करू नये, असेही त्यांनी बजावले होते. नाकाशी धरलेला पिंजलेला कापूस हलतो का, किंवा छातीवर ठेवलेल्या भांड्यातील पाणी हलते का, हे पाहण्याची पद्धत त्या काळी प्रचलित होती. श्वास चालू आहे की नाही हा प्रश्न अतिदक्षता शास्त्राचा पहिला प्रश्न आहे आणि तो सुमारे हजार वर्षांपूर्वी अगदी घरगुती साधनांनी विचारला जात होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

गोव्यात या परंपरेची युरोपीय वैद्यकाशी गाठ सोळाव्या शतकातच पडली. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ताच्या संवादात्मक ग्रंथात इब्न सीनाच्या मतांची ठिकठिकाणी चर्चा व चिकित्सा आहे. ओर्ता हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी जात असे, आणि रोगांची अरबी नावे आपण त्या शहाकडून शिकलो व त्याला लॅटिन नावे शिकवली, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्ञानाच्या अशा देवघेवीत धर्म आणि राज्य यांच्या सीमा आड आल्या नाहीत.

गोव्याचे राजेशाही इस्पितळही त्या काळी नावाजलेले होते. फ्रेंच प्रवासी पिरार १६०८ मध्ये तेथे रुग्ण म्हणून राहिला आणि त्याने तेथील व्यवस्थेची तोंड भरून स्तुती केली. मात्र ते इस्पितळ मुख्यतः पोर्तुगीज सैनिक व खलाशी यांच्यासाठी होते. मांडवीच्या पलीकडच्या रयतेचा आधार वैद्य, हकीम आणि घरातील जाणती माणसे हाच होता.

वैद्यकीय शिक्षण आणि पेडण्याचा एक मुलगा

५ नोव्हेंबर १८४२ रोजी कोंद द आंताश या गव्हर्नरच्या कारकिर्दीत पणजीत ‘एश्कोला मेदिको-सिरुर्जिका’ ही वैद्यकीय शाळा स्थापन झाली. आशियातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शिक्षणसंस्थांत तिची गणना होते. परंतु येथून उत्तीर्ण झालेल्यांचा दर्जा पोर्तुगालमधील पदवीधरांच्या बरोबरीचा मानला जात नसे आणि त्यांतील कित्येकांची रवानगी आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत होई. गोव्याच्या शाळेने मोझांबिकला डॉक्टर पुरवले आणि घरापासून दोन नद्या ओलांडून असलेल्या पेडण्याला फार थोडे, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. विसाव्या शतकात फ्रॉइलान द मेलो यांच्यासारख्या संशोधकांनी या संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्र, कुष्ठरोग व क्षयरोग यांवर मोठे काम केले. त्या काळचा प्रश्न संसर्गजन्य रोगांचा होता. पक्षाघाताकडे संशोधनाचा विषय म्हणून पाहण्याची वेळ यायची होती.

पेडणे तालुक्यातील मांद्रे येथील रामकृष्ण विठ्ठल लाड या मुलाने दुसरी वाट धरली. तो मुंबईस गेला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ मधील पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाला आणि डॉ. भाऊ दाजी या नावाने प्रसिद्धीस आला. कुष्ठरोगावर वनस्पतिजन्य तेलाचे उपचार करून पाहणारा हा चिकित्सक पुरातत्त्व व संस्कृत विद्येतही तितकाच रमला. त्यांची कीर्ती मोठी आहे, पण येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की, पेडण्याची बुद्धिमत्ता वैद्यकासाठी बाहेर जात होती. वैद्यकीय सेवा मात्र त्या वेगाने पेडण्यात येत नव्हती.

मुक्तीनंतर १९६३ मध्ये जुन्या शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आजच्या बोलीतील ‘गोमेकॉ’त रूपांतर झाले. पुढे हे इस्पितळ टप्प्याटप्प्याने पणजीहून बांबोळीच्या पठारावर हलले. पणजीतील जुनी इमारत २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी ओळखली जाऊ लागली.

कोपनहेगनची रात्रपाळी

अतिदक्षता विभाग ही संकल्पना ज्या घटनेतून जन्मली ती येथे थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम इस्पितळात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येऊ लागले, आणि त्या काळची श्वसनयंत्रे म्हणजे एक लोखंडी टाकी व छातीवर बसवायची सहा उपकरणे, एवढाच साठा होता. सुरुवातीच्या ३१ रुग्णांपैकी २७ जण थोड्याच दिवसांत दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी वेगळा मार्ग सुचवला. शस्त्रक्रियेत भूल देताना फुफ्फुसात हवा दाबून भरतात, तशीच ती घशात छेद देऊन नळीवाटे या रुग्णांना का भरू नये? बारा वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग यशस्वी झाला. पण हवा भरणारी यंत्रे नव्हती. म्हणून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि रबरी पिशव्या हाताने दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी चोवीस तास देखरेखीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. यंत्राच्या आधी येथे माणसाचा हात होता.

भारतात ही शाखा रुजली ती मुख्यतः मुंबईत. डॉ. फारोख उडवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात धनुर्वाताच्या रुग्णांवर केलेले काम आणि ब्रीच कँडी इस्पितळातील अतिदक्षता विभाग यांचा उल्लेख याबाबतीत प्रथम करावा लागतो. १९९३ मध्ये मुंबईतच भारतीय अतिदक्षता वैद्यक संस्थेची स्थापना झाली. धनुर्वात हा शेतकऱ्याचा, बाळंतिणीचा, अनवाणी चालणाऱ्याचा रोग. तेव्हा भारतातील अतिदक्षता शास्त्राने आपले पहिले धडे श्रीमंतांच्या हृदयविकारातून घेतले असा जो समज आढळतो तो फारसा खरा नाही.

पक्षाघात : असाध्यतेकडून साडेचार तासांकडे

मेंदूतील रक्तस्रावाने पक्षाघात होतो हे स्वित्झर्लंडच्या वेप्फर यांनी १६५८ मध्ये शवविच्छेदनावरून दाखवले. रक्ताची गुठळी अडकण्याची क्रिया एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिर्शो यांनी स्पष्ट केली. म्हणजे रोगाचे दोन प्रकार आहेत, एकात वाहिनी बंद पडते व दुसऱ्यात ती फुटते, हे ज्ञात होते. पण जिवंत रुग्णाच्या बाबतीत यांपैकी नेमके काय घडले आहे हे खात्रीने सांगण्याचे साधन १९७१ पर्यंत नव्हते. त्या वर्षी इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. हे यंत्र आल्याशिवाय पुढचे काहीच शक्य नव्हते. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्राव झालेल्या रुग्णास दिले तर ते घातक ठरते.

गुठळी विरघळवण्याचा पहिला मोठा प्रयत्न स्ट्रेप्टोकायनेज या औषधाने झाला. हृदयविकारात ते उपयुक्त ठरले होते, पण १९९० च्या दशकातील पक्षाघाताच्या चाचण्या रक्तस्राव व मृत्यू वाढल्यामुळे थांबवाव्या लागल्या. १९९५ मध्ये अमेरिकेतील ६२४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत टीपीए हे औषध दिलेल्या रुग्णांत तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे असण्याची शक्यता किमान तीस टक्क्यांनी अधिक होती. मेंदूत लक्षणीय रक्तस्राव होण्याचे प्रमाणही ०.६ वरून ६.४ टक्क्यांवर गेले. लाभ आणि धोका असे एकत्रच आले. त्यामुळे हे औषध कोणी, कोठे, किती वेळात द्यावे याची शिस्त अटळ ठरली. २००८ मध्ये युरोपीय चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली.

दरम्यान २००६ मध्ये अमेरिकन तज्ज्ञ सेव्हर यांनी एक हिशेब मांडला. मोठी वाहिनी बंद पडलेल्या सर्वसाधारण रुग्णाच्या मेंदूतील दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. विद्यार्थ्यांना वेळेचे महत्त्व पटवून देण्यासाठी याहून परिणामकारक आकडा क्वचितच सापडेल.

२०१५ मध्ये मोठी कलाटणी मिळाली. जांघेतील रक्तवाहिनीतून नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याच्या पद्धतीवरील पाच चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वर्षी आले आणि पाचही अनुकूल ठरले. नेदरलँड्समधील ५०० रुग्णांच्या चाचणीत स्वावलंबी होणाऱ्यांचे प्रमाण १९.१ वरून ३२.६ टक्क्यांवर गेले. २०१८ मधील दोन चाचण्यांनी काही निवडक रुग्णांत हा उपचार लक्षणे सुरू झाल्यापासून सोळा ते चोवीस तासांपर्यंत लाभदायक ठरतो असे दाखवले. औषधातही बदल झाला. टेनेक्टेप्लेज हे एकाच इंजेक्शनात देता येणारे औषध पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने भारतात बनवले आणि २०१६ मध्ये त्याला पक्षाघातासाठी येथे मान्यता मिळाली. अमेरिकेत याच प्रकारच्या औषधाला ही मान्यता मिळण्यास २०२५ उजाडले.

रक्तस्रावी पक्षाघाताकडे संशोधकांचे दुर्लक्ष झाल्याची तक्रार होती आणि ती रास्त होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा देशांतील ७०३६ रुग्णांच्या अभ्यासाने ती काहीशी दूर केली. या अभ्यासात भारत, पाकिस्तान व श्रीलंकेतील इस्पितळे होती. रक्तदाब लवकर उतरवणे, साखर व ताप आटोक्यात ठेवणे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम उलटवणे या साध्या गोष्टी एकत्रितपणे व वेळेवर केल्यास रुग्णांची स्थिती सुधारते असे त्यात आढळले. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. जागरूक परिचारिका आणि लिहून ठेवलेली कार्यपद्धती लागते.

मराठी मुलखातील पुरावा

हा रोग शहरी सुखवस्तूंचा आहे हा समज मराठी प्रदेशातील दोन अभ्यासांनी खोडून काढला. डॉ. पी. एम. दलाल यांच्या पुढाकाराने २००५-०६ मध्ये मुंबईच्या एका निश्चित विभागातील दीड लाखांहून अधिक लोकसंख्येची पाहणी झाली. पहिल्या २८ दिवसांत मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के निघाले. दुसरा अभ्यास गडचिरोलीचा. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत दोन वर्षांतील मृत्यूंची कारणे शोधली तेव्हा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झालेले होते आणि मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक पहिला होता. या रुग्णांपैकी सुमारे ८७ टक्क्यांनी घरीच प्राण सोडला. मलेरिया व बालमृत्यूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात हे आढळावे याचे अनेकांना आश्चर्य वाटले.

वाचलेल्यांचे पुढे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. घरच्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्यायाम करवून घेतल्यास रुग्ण लवकर सुधारेल अशी आशा होती. भारतातील १४ केंद्रांवरील १२५० रुग्णांच्या चाचणीत, २०१७ मध्ये, या पद्धतीचा अपेक्षित लाभ दिसला नाही. कुटुंबाची माया मोठी असली तरी ती प्रशिक्षित उपचारतज्ज्ञाची जागा घेईलच असे नाही, हे कटू वाटले तरी स्वीकारावे लागते. अशा नकारात्मक निष्कर्षांचे मोल कमी लेखू नये. त्यांच्यामुळेच सरकारी पैसा चुकीच्या जागी जाण्यापासून वाचू शकतो.

नद्या, पूल आणि बांबोळी

आता पेडणे-डिचोलीकडे वळू. पेडणे तालुका उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या नद्यांमध्ये वसला आहे. तेरेखोल गावातून केरीला येण्यास आजही फेरीबोट लागते. पेडणे शहरापासून बांबोळी सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटर. वाटेत कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी आणि मांडवी. डिचोलीचा माणूस नार्वे किंवा सारमानस येथे फेरीबोटीने नदी ओलांडत असे, अथवा म्हापशामार्गे वळसा घेई.

मांडवीवरील नेहरू पूल १९७० मध्ये झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. नवा पूल खुला होण्यास १९९२ साल उजाडले. मधल्या काळात उत्तर गोव्यातील रुग्णाच्या वाटेत पुन्हा बोटी आल्या. त्या वर्षांत टीपीएची चाचणी अद्याप व्हायची होती, म्हणून या विलंबाने पक्षाघाताच्या रुग्णाचे उपचार हुकले असे म्हणता येत नाही. उपचारच नव्हते. परंतु आज तोच विलंब झाला तर त्याचा अर्थ बदलतो. विज्ञानाने वेळेला किंमत दिल्यामुळे रस्त्याचीही किंमत बदलली. डिचोली तालुक्यात सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत खनिजवाहू ट्रकांच्या रांगा हा रोजचा अनुभव होता. रुग्णवाहिकाही त्याच रस्त्याने धावत. २००८ मध्ये गोव्यात १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये मांडवीवर अटल सेतू झाला, तेव्हा प्रवासाचा वेळ खरोखर घटला.

हृदयविकाराच्या बाबतीत गोव्याने २०१८ नंतर एक उल्लेखनीय व्यवस्था उभी केली. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात रुग्णाचा हृदयालेख काढायचा, तो दूरवरच्या तज्ज्ञाने वाचायचा, आणि गरज असल्यास तेथेच टेनेक्टेप्लेज देऊन रुग्णास गोमेकॉत पाठवायचे. मग पक्षाघातातही तसेच का करता येऊ नये, असे कोणासही वाटेल. अडचण अशी की हृदयालेखाचे यंत्र पिशवीत मावते, सीटी स्कॅनचे मावत नाही. स्कॅनशिवाय गुठळी की रक्तस्राव हे ठरत नाही आणि ते ठरल्याशिवाय सुई टोचता येत नाही. यावर हिमाचल प्रदेशाने २०१४ पासून एक तोडगा वापरला. सीटी असलेल्या जिल्हा रुग्णालयांतील साध्या फिजिशियन डॉक्टरांनी मोबाइलवरून मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घेऊन औषध द्यायचे. डोंगराळ राज्याने शोधलेली ही वाट नद्यांनी विभागलेल्या प्रदेशालाही उपयोगी आहे. दुसरी वाट जर्मनीतील होम्बुर्ग येथून आली. तेथे सीटी यंत्रच रुग्णवाहिकेत बसवले गेले.

सीमेपलीकडचा प्रश्न याहून नाजूक आहे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा येथील रुग्ण वर्षानुवर्षे बांबोळीस येत आले आहेत. जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभे राहिले. गोव्याच्या करदात्यांचा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता, पण पेडण्याच्या घरातील सून बांद्याची आणि डिचोलीतील जावई दोडामार्गचा असतो. आजारपणात ही सीमा कोठे आखायची हे ठरवणे कठीण आहे. महाराष्ट्राने आपल्या जनआरोग्य योजनेचा लाभ गोमेकॉत मिळण्याची तजवीज केली आणि २०२१-२२ पासून सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

मे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत या सर्व व्यवस्थेची कसोटी लागली. ११ मे रोजी पहाटे दोन ते सहा या वेळेत गोमेकॉत २६ रुग्ण मृत्यू पावल्याचे आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात प्राणवायूच्या पुरवठ्यावर सुनावणी झाली. सिलिंडरांच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून आणणे आणि ते वाहिनीस जोडणे यांत अडचणी येतात, असे शासनातर्फे तेथे सांगण्यात आले. त्याच महिन्यात २० हजार लिटरची द्रवरूप प्राणवायूची टाकी बसवण्यात आली. श्वसनयंत्रे होती, डॉक्टर होते, खाटाही होत्या. प्रश्न अडला तो टाकी आणि ट्रॅक्टर येथे.

पेडणे तालुक्यात ११ डिसेंबर २०२२ रोजी एकाच दिवशी मोपा विमानतळाचे आणि धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. ज्या मांद्र्याच्या मुलाला वैद्यक शिकण्यास मुंबई गाठावी लागली, त्याच्याच तालुक्यात आता राष्ट्रीय दर्जाची वैद्यकसंस्था आहे. पक्षाघातानंतरच्या दीर्घ पुनर्वसनात तिचा कितपत उपयोग होतो हा काटेकोर चाचण्यांनी तपासण्याचा विषय आहे आणि तेथील अध्यापकांना त्यासाठी रुग्ण दूर शोधावे लागणार नाहीत. पहिल्या साडेचार तासांची गोष्ट मात्र वेगळी. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, की घरात कोणीतरी अजूनही प्रथम तेल गरम करावयास ठेवते, कारण शब्दच ‘वारे’ असा आहे. रुग्णवाहिकेला फोन त्यानंतर जातो.